कप्तान आणि शेपटीचं जाळं

एका माणसाला घरातून काढायचं हे मी सलग नऊ वर्षं ठरवत होते. दर वर्षी निर्मळची जत्रा आली की मनाशी म्हणायचे, एवढी जत्रा उरकू दे, मग सांगतेच ह्याला खोली खाली करायला. जत्रा उरकायची. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन घरी जायच्या, पाळणेवाले आपले खांब उपटून पुढच्या गावी निघायचे, आणि हा आमच्या ओटीवर मांडी घालून चेंडूला शिकेकाई लावत बसलेला असायचा.

शिकेकाई माझी. डबाही माझा.

“साबणाने चामडं रडतं, वहिनी,” तो म्हणायचा.

“आणि माझ्या केसांना काय लावू? चुना?”

“तुमच्या केसांना कोणी लाथ मारत नाही,” तो शांतपणे म्हणायचा आणि चेंडू उलटा करून दुसरी बाजू चोळायला घ्यायचा.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

त्याला सगळं गाव कप्तान म्हणायचं. कप्तान तो जन्मात एकदाच झाला होता, तोही एका सामन्यापुरता, खऱ्या कप्तानाला ताप भरला म्हणून. तो सामना ते हरले. हे त्यानेच मला सांगितलं, तरी कोणी ‘कप्तान’ अशी हाक मारली की अंगावर शाल पडल्यासारखा ताठ व्हायचा. दोन गावं पलीकडच्या ख्रिस्ती घरातला. मुंबईच्या एका कंपनीच्या संघातून पगारी फुटबॉल खेळला, मग कलकत्त्याच्या मोठ्या क्लबात दोन हंगाम, मग गोव्यात एक. तिथे गुडघा गेला. गावी परतला तेव्हा भावांनी घर वाटून घेतलेलं, ह्याच्या वाटणीला आलेल्या खोलीत भावाची म्हैस. म्हशीला उठवणं त्याला बरं वाटेना, म्हणून आमच्या ओटीलगतच्या खोलीत राहायला आला. म्हशीला उठवायला जो लाजतो त्याला उठवायला मी नऊ वर्षं लाजले. म्हणजे तोटा कोणाचा झाला?

त्याच्याकडे कात्रणांची एक वही होती. आल्या दिवशीच त्याने ती मला दाखवली. पहिल्या फोटोत घामाघूम झालेला कोणी दुसराच खेळाडू. कप्तानाने फोटोच्या कडेवर बोट ठेवलं.

“हा मी.”

“कुठे?”

“हा पाय.”

वहीभर तेच. कुठे पाय, कुठे खांदा, एका फोटोत पाठमोरं डोकं. एकच फोटो जरा बरा होता. त्यात त्याचे दोन्ही पाय आले होते आणि मागे गोलचं जाळं, ताणून बांधलेल्या मच्छरदाणीसारखं चौकोनी. हा फोटो लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवला होता.

पायांचं त्याला वेडच. माणूस समोर आला की हा आधी त्याचे पाय बघायचा, मग वाटलं तर तोंड. “दादा आज ऑफिसात बोलणी खाऊन आले,” असं तो अंगणातूनच ओरडायचा आणि मागून आमचे हे खरोखरच पडलेल्या चेहऱ्याने फाटकातून आत यायचे. फुलांचे हार करणाऱ्या बाईला त्याने सांगितलं होतं, तुझी सून चालत नाहीये, पळून जायचा विचार करतेय. ती दोन दिवसांनी माहेरी निघून गेली. तोंड खोटं बोलतं, पायाला ते जमत नाही, असं त्याचं म्हणणं. मला हा सगळा चावटपणा वाटायचा. मी तेव्हा बेचाळीसची होते आणि माझा पक्का समज होता, की देवाने निर्मळमध्ये अक्कल वाटली तेव्हा रांगेत मी एकटीच उभी होते.

त्याची दुसरी खोड त्याहून वाईट. कुठल्याही वादाला तो मॅचसारखे दोन हाफ करायचा. निम्मा वाद झाला की मनगटावरचं घड्याळ बघून उठायचा आणि म्हणायचा, “चला, बाजू बदला.” मग माझ्या खुर्चीत बसून माझी बाजू मांडायचा. आणि काय मांडायचा. मला स्वतःला सुचले नसते असे मुद्दे. मी चिडून उलट बोलायला जायचे आणि मध्येच ध्यानात यायचं, की मी त्याची बाजू लढवतेय. आमचे हे पेपर खाली करून बघायचे आणि म्हणायचे, “अगं, तू आता कोणाकडून आहेस?”

ह्याच खोडीने आमची जागा अडकवली.

घरामागे आमची केळीची वाडी होती. आजूबाजूचं पाणी टँकरवाले उपसत गेले तसं आमच्या विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलं. केळी पिवळ्या पडून बसल्या. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती; ज्याच्या-त्याच्या अंगणात बिल्डरची माणसं चहा पीत बसलेली असायची. आमच्याही ओटीवर एक येऊन बसायचा. जागा द्या, नव्या बिल्डिंगीत फ्लॅट घ्या. मी तर मनाने केव्हाच तिथे राहायला गेले होते. पांढऱ्या लाद्या, ग्रॅनाइटचा ओटा, आणि लिफ्ट. लिफ्टचं मला एवढं होतं, की लिफ्टमध्ये उभं राहताना पदर कसा घ्यायचा ह्याची मी आरशासमोर तालीम केलेली आहे. हसा, हसा. मीही आता हसते.

आणि कप्तानाला त्याच जागेवर मैदान हवं होतं.

त्याने धंदा काढायचं ठरवलं होतं. गोलचे खांब, जाळी, खेळाचे कपडे बनवून शाळांना द्यायचे आणि मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवायचा. “फुटबॉल खेळून झाला, आता फुटबॉल विकायचा,” तो म्हणायचा. वाद सुरू झाला. मी फ्लॅटच्या बाजूने, तो मैदानाच्या. घड्याळ बघितलं. बाजू बदला. माझ्या खुर्चीत बसून तो सुरू झाला: खाऱ्या विहिरीची वाडी किती दिवस ठेवणार, वहिनींचे गुडघे किती दिवस ओटी चढणार, दादांनी उभा जन्म नोकरी केली ती काय पिवळ्या केळी बघायला. आमचे हे मान डोलवायला लागले. मला राग आला. माझा फ्लॅट हा कोण लेकाचा मागणार. मी तावातावाने म्हणाले, “आणि बिल्डिंग उठली की गावची पोरं काय जिन्यावर खेळतील? एक सपाट तुकडा राहिलाय गावात.”

कप्तान खुर्चीतून उठला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बरोबर आहे वहिनींचं.”

शेवटी ह्यांनी तोडगा काढला, तो असा. जत्रेपर्यंत जागा कप्तानाकडे. जत्रेनंतरच्या रविवारी त्याने नमुन्याचा एक सामना भरवायचा. तीन शाळांचे खेळाचे मास्तर बघायला येणार. त्यांना माल पसंत पडला आणि त्यांनी आपली मुलं सरावाला इथे पाठवायचं कबूल केलं, तर मैदान राहील. नाही तर सोमवारी बिल्डरच्या कागदावर सही.

“शब्द?” ह्यांनी विचारलं.

“शब्द,” कप्तान म्हणाला. माझ्याकडे बघून नाही. माझ्या पायांकडे बघून.

पुढचे सहा-सात महिने मी जो ताप काढला तो माझा मलाच ठाऊक. त्याने मेलेल्या केळी खणून काढल्या, खड्डे बुजवले, उभी-आडवी जमीन पावलांनी मोजली. घर, गल्ली, देवळाचं आवार, जे दिसेल ते तो पावलांनी मोजायचा. मिस्साला जाताना चेंडू काखेत. चर्चमध्ये बाकाखाली ठेवायचा आणि फादरचं प्रवचन लांबलं की म्हणे तळव्याने हळूहळू फिरवत बसायचा. खांब त्याने वालीवच्या एका वर्कशॉपात पाइप वाकवून घेतले आणि ते टेम्पोतून आले त्या दिवशी माझी तुळस त्यांच्याखाली गेली. जर्सी मी शिवल्या. गळ्याला ब्लाउजला लावतात तसं पायपिंग लावलं. तो बराच वेळ पायपिंगकडे बघत राहिला आणि म्हणाला, “सेंटर फॉरवर्डला शोभेल.”

पावसानंतर मैदानावर गुडघाभर गवत आलं. शेजारणीच्या शेळ्या मोडक्या कुंपणातून आत शिरून चरायला लागल्या. मी काठी घेऊन निघाले, तर ह्याने मला अडवलं.

“राहू द्या, वहिनी.”

“अहो, विचारल्याशिवाय घुसतात. मी आत्ता जाऊन तिला चार शब्द सुनावते.”

“फाऊल तिचाच आहे. पण आपलं गवत फुकटात कापून होतंय की नाही? अशा वेळी पंच शिट्टी वाजवत नाही. ज्याच्यावर फाऊल झाला त्याचाच फायदा होत असेल, तर गप्प राहून खेळ चालू ठेवतो. त्याला अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात.”

“आणि शिट्टी कधीच वाजवत नाही?”

“फायदा संपला की बघायचं,” तो म्हणाला.

शेळ्यांनी आठवड्याभरात मैदान असं साफ केलं, की मला त्यांचाच राग आला.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. कप्तानाने धंद्याची कार्डं छापून आणली आणि त्यातला एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला. कार्डावर माझं नाव, त्याआधी सौ., आणि खाली: जनरल मॅनेजर. ज्या धंद्याने बुडावं म्हणून मी रोज देवापुढे हात जोडत होते, त्याची मी जनरल मॅनेजर. तरी सांगते, ते कार्ड बघून मी विरघळले. त्या गौरी-गणपतीत माझ्या घरी आलेल्या प्रत्येक बाईला हळदीकुंकवाबरोबर एकेक कार्ड गेलं.

आणि मग दिवाळीनंतर, ऐन कामाच्या वेळी, कप्तान गोव्याला निघाला. जुन्या क्लबाला तीन आठवडे मदत हवी होती म्हणे. जाताना मला सांगून गेला, “जाळ्याचं तेवढं बघा. कळंबच्या तांडेलाशी बोलून ठेवलंय, जाऊन नीट समजावून द्या. आत आलेला चेंडू बाहेर जाता कामा नये. एवढंच.”

जनरल मॅनेजरबाई गॉगल लावून रिक्षाने कळंबला गेल्या. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा म्हातारा आता समुद्रात जात नव्हता, सुरूच्या झाडाखाली बसून जाळी विणायचा. मी त्याला माझं कार्ड दिलं. त्याने ते उलटसुलट केलं, दोन बोटांत धरलं, सुतळी त्याच्याभोवती गुंडाळून बघितली.

“बरं हाय,” तो म्हणाला. “जाल्याच्या घराला ह्येच माप लावतो.”

माझं नाव आणि हुद्दा त्याने मापाला घेतला. जाळ्याचं एकेक भोक त्या कार्डाच्या मापाने विणलं गेलं.

“बाय, मासा कंचा धरायचाय?”

“मासा नाही हो, चेंडू.”

“केवढा?”

मी हातांनी दाखवलं.

“आनि पलतो कसा?”

“फार जोरात.”

“मंग लांबी पायजे. जोरात आलेला मासा लांबीत दमतो. आनि आत आल्यावर?”

“बाहेर जाता कामा नये.”

“बास,” म्हातारा म्हणाला. “त्ये माझं काम. कोन बाहेर जातो बघू.”

पंधरा दिवसांनी जाळं आणायला गेले. त्याने ते वाळूवर पसरून ठेवलं होतं. तोंड गोलच्या मापाचं, खांबांना बरोबर बसेल असं. पण पुढे ते निमुळतं होत गेलं, होत गेलं, आणि टोकाला लांबलचक शेपटी, तिला दोरीची गाठ. म्हाताऱ्याने डोल विणली होती. ही डोल म्हणजे आमच्या किनाऱ्यावर खुंटांना बांधून ठेवतात ते नरसाळ्यासारखं जाळं. भरतीच्या पाण्याबरोबर मासा तोंडातून आत येतो, शेपटीपर्यंत जातो आणि तिथेच अडकतो. मागची गाठ सोडल्याशिवाय बाहेर नाही.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं, मला बाईला जाळ्यातलं काय कळणार. खोटं. डोली वाळत घातलेल्या मी लहानपणापासून बघितल्या आहेत. आणि कात्रणांच्या वहीतला तो मच्छरदाणीसारखा चौकोन माझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ उभा राहिला. ह्या जाळ्याने सगळ्यांदेखत हसं होणार, हे मला तिथल्या तिथे कळलं. पांढऱ्या लाद्याही दिसल्या. लिफ्टही.

“असंच पायजे ना, बाय?” म्हाताऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात जरा शंका होती.

“हो,” मी म्हणाले. “असंच.”

कप्तान शनिवारी रात्री परतला. जाळं पोत्यात बांधलेलं. तांडेल सकाळी स्वतः येऊन बांधणार आहे, असं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं. रविवारी तो मास्तरांना आणायला स्टेशनवर गेला, इकडे तांडेलाने जाळं चढवलं. एकच जाळं, नमुन्याला. दुसरा गोल उघडा. जाळ्याची शेपटी मागच्या कुंपणापर्यंत गेली. अर्धं निर्मळ जमलं होतं. मी पहिल्या रांगेत, खुर्चीवर, हातात सुकेळ्यांचं ताट.

तिन्ही मास्तरांना घेऊन तो फाटकातून आत आला आणि थबकला. त्याने जाळं बघितलं. आजवर त्याचं तोंड असं पडलेलं मी बघितलं नव्हतं. पण माणसं बसलेली, मुलं कपडे चढवून तयार, मास्तरांच्या हातात सरबत. सामना सुरू करण्यावाचून इलाज नव्हता.

पहिल्या हाफमध्ये आमच्या गावची मुलं जाळ्याच्या बाजूला गोल करणार होती. कप्तान बाहेर उभा राहून त्यांना हळूच सांगत होता, “बाहेर मार. बाबा रे, बाहेर मार.” जन्मभर गोल करायला धावलेला माणूस गोल होऊ नये म्हणून हात जोडत होता. मुलांनी इमानाने चेंडू बाहेर मारले. एक विहिरीत गेला. मास्तर एकमेकांकडे बघायला लागले. पण हाफटाइम झाला आणि बाजू बदलल्या. आता जाळ्याकडे येणारा संघ एका मास्तरांच्या शाळेचा होता, आणि त्याला कोण सांगणार बाहेर मार म्हणून?

त्यांचा एक उंच मुलगा सुटला. गोल. चेंडू आत गेला, आणि जात राहिला. निमुळत्या भागातून गडगडत शेपटीच्या टोकाशी जाऊन थांबला. आमचा गोलकीपर तो आणायला आत वाकून शिरला, मग रांगत, मग पोटावर. मध्यावर त्याचं कोपर अडकलं. मागे येईना, पुढे जाईना. आतून म्हणाला, “कप्तान, ओढा.”

सगळं मैदान हसायला लागलं. एका मास्तरांनी विचारलं, “कप्तान, पापलेट कधी निघणार?”

तांडेल तेवढा हसला नाही. पाहुण्यांच्या खुर्चीतून तो उठला, मागे गेला, शेपटीची गाठ सोडली आणि शेपूट उचलून झटकलं. आधी चेंडू बाहेर पडला, मग गोलकीपर. “आता परत बांधतो,” तो म्हणाला, “दुसरा येऊ द्या.”

मास्तरांनी चहा घेतला, सुकेळी खाल्ली, माझ्या पायपिंगचं कौतुक केलं आणि निघून गेले. जाळं कोणी मागितलं नाही. मुलांना पाठवायचं तर कोणी बोललंही नाही.

मी जिंकले होते.

कप्तानाने काही वाद घातला नाही. शब्द दिला होता. माणसं गेल्यावर त्याने जाळं उतरवलं, नीट घडी केली आणि माझ्याकडे आणून दिलं. “तांडेलाला सांगा, काम एक नंबर आहे. चूक माझी. चेंडू बाहेर कुठून काढायचा ते मी सांगायला पाहिजे होतं.”

एवढं बोलून तो खांबांचे खड्डे उकरायला लागला. एक शब्द माझ्याविरुद्ध नाही. निदान ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि सगळं फिटलं असतं. पण हा असा खाली मान घालून, ज्या पावलांनी जागा मोजली त्याच पावलांनी मागे सरत, एकेक खड्डा मोकळा करत होता. मी घरात गेले, बाहेर आले, पुन्हा घरात गेले. चहा केला तो कडू झाला.

सोमवारी बिल्डरचा माणूस कागद घेऊन ओटीवर. ह्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं. मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि माझ्या तोंडून निघालं, “ह्यांचं मन होत नाहीये हो जागा द्यायचं.”

“माझं?” हे म्हणाले.

“कालपासून जेवले नाहीत.”

“मी?” हे म्हणाले. त्यांच्या ओठाला सकाळच्या पोह्यांची कोथिंबीर लागलेली होती.

“मलाच समजावायला लागतंय,” मी त्या माणसाला सांगितलं. “पुढच्या जत्रेनंतर बघू.”

माझ्याशी वीस वर्षं संसार करून हे एक गोष्ट शिकले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. दुपारी कप्तानाला मी बजावलं, “एक वर्ष. दादांची इच्छा आहे म्हणून. माझी नाही.” तो म्हणाला, “दादांचे उपकार.” आणि चेंडू धुवायला शिकेकाई मागितली.

मग एक वर्षाची दोन झाली, दोनाची चार. तांडेलाने बिनशेपटीची चौकोनी जाळी विणली, शाळांनी ती घेतली, मग जिमखान्यांनी, मग क्रिकेटवाल्यांनी सरावाला. क्रिकेटचं नाव काढलं की कप्तानाला जेवण जायचं नाही, ती सगळी कामं जनरल मॅनेजरने गुपचूप घेतली. कळंबच्या पंचवीस-तीस घरांत जाळी विणली जाऊ लागली, वालीवला स्वतःचं वर्कशॉप झालं. मैदानावर रोज संध्याकाळी मुलं. आणि दर जत्रेला मी ठरवायचे, आता ह्याला सांगायचंच. पण बोलायला तोंड उघडलं की ती वाळू आठवायची आणि म्हाताऱ्याचं ‘असंच पायजे ना, बाय?’. मग मी त्याला दुसरंच काहीतरी विचारायचे. मटार आणू का वगैरे.

नऊ वर्षांनी तो आपण होऊनच गेला. कुठे, तर विरारला, नव्या बिल्डिंगीत. चौथा मजला, पांढऱ्या लाद्या, ग्रॅनाइटचा ओटा. फादर येऊन घराला आशीर्वाद देणार होते, म्हणून आम्हाला बोलावणं. ह्यांनी लिफ्टला भिऊन जिना धरला. मला खाली घ्यायला कप्तान स्वतः आला.

आणि मी लिफ्टमध्ये उभी राहिले. पदर अगदी तालीम केली होती तसा घेतला. दार सरकलं. लिफ्टमध्ये सगळेच खाली बघतात, पण हा बघत होता माझ्या पायांकडे.

“वहिनी, एक विचारू? ते शेपटीचं जाळं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?”

मी म्हणाले, “कोणी सांगितलं? तांडेलाने?”

“तुमच्या पायांनी. गोल झाल्यावर सगळे उभे राहिले. तुम्ही तो मुलगा सुटला तेव्हाच उभ्या होतात. त्याने चेंडू मारलाही नव्हता.”

दुसरा मजला गेला.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोललो असतो तर आपण भांडलो असतो. भांडून तुम्ही मोकळ्या झाल्या असता आणि सोमवारी सही केली असती. गप्प राहिलो तर मैदान मिळालं. नऊ वर्षं. शेळ्या आठवतात ना?”

नऊ वर्षं मी ज्याची कीव करत होते, त्याने नऊ वर्षं तोंडात शिट्टी धरून ठेवली होती. माझ्याच ओटीवर, माझीच शिकेकाई लावत.

“आणि आज का वाजवलीत?”

“फायदा संपला,” तो म्हणाला. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. “या. ओटा बघा. तुम्ही म्हणायचात तोच रंग घेतलाय.”

मैदान अजून आहे. ते आता मीच विकू देत नाही, आणि आमचे हे गेल्यापासून दोष द्यायलाही दुसरं कोणी नाही. ते पहिलं जाळं मी सुकेळी वाळवताना वरून टाकते. कावळा आत शिरला तर मागची गाठ सोडून मलाच त्याला बाहेर काढावं लागतं. माझी नात मैदानावर खेळते. रविवारी कप्तान येतो, गुडघा चोळत कुंपणापाशी उभा राहतो आणि सांगतो, हिचा डावा पाय सोन्यासारखा आहे. मग वळून माझ्याकडे येतो. तो ओटीपाशी पोचायच्या आत मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेते.